म्हातारी हायब्रिड: हात कुठे घालावा, कुठे नाही

गेल्या पावसात मुंबईला मुलीकडे तीन आठवडे राहून गोव्यात मांद्र्याला घरी परतले, तर माझ्या हायब्रिडचं, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीचं, दार चावीच्या बटणाने उघडेना. चावीच्या पोटात एक लोखंडी काडी लपवलेली असते, ती काढून दार उघडलं. पॉवरचं बटण दाबलं आणि डॅशबोर्डवर चवथीची रोषणाई सुरू झाली. लाल त्रिकोण, पिवळं इंजिन, एबीएस, ब्रेक, स्टिअरिंग, सगळं एकदम लुकलुकायला लागलं. आतून कुठूनतरी रिलेची टकटक. शेजारचा मुलगा बलकावातून, म्हणजे घरासमोरच्या ओट्यावरून, बघत होता. म्हणाला, "टीचर, मोठी बॅटरी गेली. आता भंगार."

मोठीला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या बॅटरीला, काही झालं नव्हतं. डिकीतली बारा व्होल्टची साधी बॅटरी उतरली होती. एक छोटा जंप-पॅक लावला आणि थोड्या वेळात गाडी शिवोलीच्या पुलावर होती.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवायचे. अठ्ठावीस वर्षं. माझी हायब्रिड साखळी गावातल्या मावसभावाकडून २०१८ मध्ये घेतलेली, तेव्हाही नवी नव्हती, आता तर दहा वर्षं केव्हाच ओलांडलेली. कंपनीचं नाव सांगत नाही. खाली जे लिहिते आहे ते तिच्या एकटीबद्दल नाही, त्या पिढीच्या जवळपास सगळ्या पूर्ण हायब्रिडांना लागू आहे. आपल्याकडे सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये आली, प्रियस २०१० मध्ये. त्या काळातल्या आणि त्यानंतरच्या बऱ्याच गाड्या आता सेकंडहँड, थर्डहँड फिरताहेत आणि स्वस्तात मिळतात म्हणून लोक घेतात. सियाझसारख्या 'स्मार्ट हायब्रिड' म्हणून विकलेल्या गाड्या वेगळ्या, त्यांच्यात हे धोकादायक व्होल्टेज नाही. बॉनेट उघडल्यावर नारिंगी जाड वायर दिसत असेल, तर हे तुमच्यासाठी.

आधी बारा व्होल्ट, मग बाकीचं

साध्या गाडीची बॅटरी मरायला टेकली की आधी सांगते. स्टार्टर ओढतो, घरघरतो, सकाळी दोनदा चावी फिरवावी लागते. या गाड्यांत तसला स्टार्टरच नाही. (सिव्हिकला एक होता, तिची रचना निराळी.) इंजिन फिरवते ती मोठ्या बॅटरीवरची मोटर. छोट्या बॅटरीचं काम एवढंच, की संगणक जागे करायचे आणि मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर (विजेचे मोठे स्विच) ओढून धरायचे. त्यामुळे ती अर्धमेली झाली तरी तोंडातून शब्द काढत नाही. संगणक मात्र अपुऱ्या व्होल्टेजवर बरळायला लागतात. एक म्हणतो ब्रेक गेला, दुसरा म्हणतो स्टिअरिंग गेलं. अशा वेळी त्या दिव्यांवर विश्वास ठेवून कुणी गाडी सरळ वर्कशॉपला ओढून नेली, तर बिल मोठंच येणार.

म्हणून माझा नियम: एकाच वेळी चार-पाच असंबद्ध दिवे लागले तर पहिला मल्टिमीटर डिकीतल्या बॅटरीवर. साडेतीनशे-चारशे रुपयांचा मीटर पुरतो.

मापायचं असं. गाडी रात्रभर बंद ठेवा. सकाळी दार उघडलं की संगणक जागे होतात, तेव्हा डिकी उघडल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, मग लाल-काळी टोकं लावा. १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी. ११.८ म्हणजे रिकामी, आणि शिसे-आम्लाची बॅटरी अशी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि तिची ताकद परत येत नाही. आता ब्रेकवर पाय न ठेवता पॉवर बटण दोनदा दाबा, म्हणजे गाडी 'रेडी' (चालायला तयार) न होता फक्त इग्निशन चालू होईल. हेडलाइट लावा, मीटरकडे बघत एक मिनिट मोजा. ११.५ च्या खाली घसरली तर नवीन घ्या, वाट बघू नका. शेवटी ब्रेक दाबून गाडी रेडीत आणा. मीटरने १३.८ ते १४.५ दाखवायला हवं. या गाड्यांत अल्टरनेटर नसतो, मोठ्या बॅटरीतून एक कन्व्हर्टर छोटीला भरतो, आणि तो फक्त रेडीत चालतो. गाडी नुसती अॅक्सेसरीवर ठेवून तासभर नाट्यगीतं ऐकाल तर बॅटरी उतरणारच. माझी एकदा अशीच उतरली आहे.

तीन आठवड्यांत का बसली, याचा हिशेब वर्गात घालतात तसला आहे. झोपलेली गाडी ५० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी नवी असेल तर एकोणीस दिवसांत निम्मी. जुनी असेल तर तिची मूळ क्षमताच निम्मी झालेली असते, म्हणजे मुक्काम संपायच्या आतच तळ. चावी गाडीजवळच्या खुंटीला टांगली असेल तर चावी आणि गाडी रात्रभर एकमेकींशी बोलत राहतात, तो खर्च वेगळा. आता मी बाहेरगावी जाताना निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवते, दहा नंबरचा पाना लागतो. पण एक लक्षात ठेवा. टर्मिनल सोडवलं की डिकीचं विजेवरचं कुलूप चालत नाही. डिकी चुकून बंद झाली तर बॅटरी आत आणि तुम्ही बाहेर. मी डिकीच्या कडेवर जाड पंचा टाकून ती नुसती टेकवून ठेवते.

मग डिकी न उघडता जंप कसा करायचा? बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्सचं झाकण काढा. आत लाल टोपीखाली एक पॉझिटिव्ह टर्मिनल असतं, ते नेमकं यासाठीच. लाल चिमटा तिथे, काळा चिमटा इंजिनजवळच्या रंग नसलेल्या धातूवर. स्टार्टर फिरवायचा नसल्यामुळे करंट फार लागत नाही, छोटा लिथियम पॅकही पुरतो. उलटे मात्र लावू नका. लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर साध्या गाडीत फ्यूज उडतो, इथे कन्व्हर्टर जळू शकतो आणि त्याची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. लावण्याआधी मोठ्याने "लाल पॉझिटिव्ह" म्हणा. पोरांना मी म्हणायला लावायचे, मी स्वतः अजून म्हणते. आणि वाटेत कुणी "टीचर, माझी बोलेरो सुरू करून द्या" म्हणाला तर सरळ नाही म्हणा. आपल्या कन्व्हर्टरला दुसऱ्याच्या डिझेल इंजिनचा स्टार्टर झेपत नाही.

नवीन बॅटरी घेताना दुकानदार स्वस्तातली साधी देईल. डिकीत बसणारी बॅटरी म्हणजे माणसं बसतात त्याच हवेत बसणारी. चार्ज होताना साध्या बॅटरीतून हायड्रोजन आणि आम्लाची वाफ निघते, म्हणून तिथे बंद एजीएम प्रकारची (आम्ल काचेच्या जाळीत शोषलेली) असते आणि तिच्या कडेला एक बारीक नळी गाडीबाहेर गेलेली असते. बदलताना ती नळी परत जोडली का, हे स्वतः वाकून बघा. माझ्या मावसभावाने कधीतरी बदललेल्या बॅटरीला ती जोडलेलीच नव्हती. तळाच्या पत्र्याला पांढरट बुरशीसारखं काहीतरी आलं होतं. मीठ नव्हे, आम्लाने खाल्लेला पत्रा.

नारिंगी वायर

इथे हात थांबतो. माझासुद्धा.

मोठ्या बॅटरीत निकेल-मेटल हायड्राइडचे १.२ व्होल्टचे सेल असतात. सहा सेलचा एक मॉड्यूल, ७.२ व्होल्ट. असे २८ ओळीने जोडले की २०१.६, ३४ जोडले की २४४.८. पुढे इन्व्हर्टरमधला (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी करून देणाऱ्या डब्यातला) बूस्टर काही गाड्यांत ते ६५० पर्यंत चढवतो. आणि ही डीसी, एकाच दिशेने वाहणारी वीज. घरातली एसी वीज दिशा बदलत सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते, त्यामुळे तिची ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीची ठिणगी ओढली की तुटता तुटत नाही.

तरी गाडी रोज मारक नसते, त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. घरात न्यूट्रल जमिनीला बांधलेला असतो, म्हणून फेजला नुसता हात लागला तरी आपल्यातून जमिनीकडे रस्ता पूर्ण होतो. गाडीत मोठ्या बॅटरीचं पॉझिटिव्हही बॉडीला जोडलेलं नाही आणि निगेटिव्हही नाही. दोन्ही अधांतरी. एक वायर कुठेतरी घासून बॉडीला लागली तरी रस्ता पूर्ण होत नाही, शॉक बसत नाही. पण आता अर्धा रस्ता तयार आहे. दुसरी वायर लागली, किंवा तिला तुमचा हात लागला, की उरलेला अर्धा तुम्ही. म्हणून गाडी सतत स्वतःलाच मेगर लावत असते, म्हणजे इन्सुलेशन मोजत असते, आणि ते पडलं की इशारा देते. स्कॅनरवर हा कोड पी ०एए६ असा येतो. हा कोड आला आणि गाडी चालतेय, असं झालं तर लोक "चालतेय ना" म्हणून चालवतात. बंद केल्यावर बहुतेकदा ती परत रेडी होत नाही आणि तेच बरं आहे. पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, कोड पुसून बघू नका. क्रेन बोलवा.

माझ्या गाडीला हा कोड आला तो थंड हवेच्या एसीमुळे. ही गोष्ट सविस्तर सांगते, कारण गोव्यात ती कुणाच्याही बाबतीत होईल.

मे महिना. एसी गार होईना. पणजीला जाताना वाटेवरच्या एका गॅरेजात थांबले. त्याने मशीन लावलं, जुना गॅस ओढला, नवा भरला, सोबत तेलही भरलं. अर्ध्या तासात थंडगार. "टीचर, आतां कांयच जावचें ना," म्हणजे आता काहीच होणार नाही, असं म्हणून त्याने बॉनेट आपटलं. मीही खूश. पहिल्या पावसानंतर लाल त्रिकोण आला. बंद करून सुरू केल्यावर गेला. दोन दिवसांनी परत. मी वहीत वेळ लिहायला लागले, कारण शिक्षकाची खोड. पाचव्या नोंदीला लक्षात आलं: त्रिकोण एसी लावल्यावरच येतो.

साध्या गाडीचा कंप्रेसर पट्ट्यावर फिरतो. या गाड्यांचा कंप्रेसर मोठ्या बॅटरीवर चालतो, त्याची मोटर गॅस आणि तेलाच्या आतच बुडालेली. म्हणजे त्यातलं तेल हे वंगणही आहे आणि इन्सुलेशनही. त्याला पीओई जातीचं, वीज न वाहणारं तेल लागतं. बाकी बहुतेक गाड्यांना पीएजी जातीचं लागतं आणि गॅरेजच्या मशीनच्या नळीत तेच भरलेलं असतं. ते थोडंसं मिसळलं तरी इन्सुलेशन ढासळतं, त्यात ओलावा शिरला की आणखी. मोटरमधून बॉडीकडे गळती सुरू. मला शेवटी कंप्रेसर बदलावा लागला, पाइप धुवावे लागले. गॅरेजवाल्याचा दोष म्हणावा तर त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मी, अठ्ठावीस वर्षं इन्सुलेशन शिकवून, विचारायला विसरले.

तेव्हा एसीला हात लावू देण्याआधी विचारा: "तेल कोणतं घालता?" पीओईचं नाव त्याच्या तोंडून यायला हवं. मशीन फक्त हायब्रिडसाठी वेगळं आहे का, किंवा नळ्या धुतल्या का, तेही विचारा. बॉनेटखालच्या एसीच्या स्टिकरवर तेलाची जात लिहिलेली असते, ती त्याला बोटाने दाखवा.

मागच्या सीटशेजारची जाळी

मोठी बॅटरी बहुधा मागच्या सीटच्या पाठीमागे असते आणि गार राहण्यासाठी गाडीच्या आतलीच हवा ओढते. सीटच्या कडेला किंवा पार्सल ट्रेवर एक प्लास्टिकची जाळी दिसेल. बहुतेकांना ती स्पीकर वाटते. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, नारळ, केळीचा घड, पाट हे सगळं आपण मागच्या सीटवर लोटतो आणि जाळी गच्च बंद. उन्हात उभी केलेली गाडी, बॅटरी आधीच तापलेली, त्यात पंख्याचा श्वास कोंडलेला. सेल असेच मरतात.

माझ्या गाडीच्या जाळीमागे साखळी गावची लाल धूळ अशी बसली होती की फिल्टर आहे की वीट, कळेना. सहा महिन्यांतून एकदा जाळी हलकेच उचकटायची, घरातल्या व्हॅक्यूमने ओढायचं, मऊ ब्रशने झाडायचं. ओलं फडकं नाही, फवारा नाही. इथपर्यंत तुमचं काम. पंख्याची पातीही भरलेली असतात, पण तिथे पोचायला बॅटरीच्या अंगावरचं प्लास्टिक काढावं लागतं, ते मेकॅनिकला करू द्या. मागून एरवी न येणारी घों-घों ऐकू यायला लागली, स्क्रीनवरचे बॅटरीचे दांडे पाच मिनिटांत भरून पाच मिनिटांत रिकामे व्हायला लागले, मायलेज उतरलं, तर जाळीपासून सुरुवात करा.

त्यापुढचा कोड पी ०ए८०. त्याचा अर्थ पुस्तकात सरळ लिहिलेला आहे: बॅटरी बदला. लगेच बदलू नका. गोव्याच्या हवेत, त्यातून किनाऱ्यावर, मॉड्यूलांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढतो. सांध्याचा रोध वाढतो आणि व्होल्टेज मापणाऱ्या तारा खोटं सांगायला लागतात. मेकॅनिककडे प्रत्येक ब्लॉकचं (मॉड्यूलांच्या छोट्या गटाचं) व्होल्टेज मागा, गाडी उभी असताना आणि चढावर जोर लावताना, दोन्ही. एखादा ब्लॉक जोर लावल्यावर बाकीच्यांपेक्षा व्होल्टभर खाली पडत असेल, तर मॉड्यूल मेलाय की पट्टी गंजलीय, हे उघडल्यावर दिसतं. पट्ट्या बदलून माझी गाडी चालू आहे. मात्र मॉड्यूल खरंच मेला असेल तर एकटाच बदलून भागत नाही असं माझं मत. बाकीचे त्याच वयाचे. आज एक, दिवाळीला दुसरा.

घाट, ब्रेक, पाणी

इन्व्हर्टरला स्वतःचं कूलंट आणि स्वतःचा विजेवरचा पंप असतो, इंजिनच्या कूलंटपेक्षा वेगळा. पंप मेला की सपाटीवर काही कळत नाही, चोर्ला घाट चढताना गाडी अचानक जोर सोडते. तपासायला सोपं: गाडी थंड असताना रेडीत आणा, इन्व्हर्टरच्या छोट्या टाकीवर टॉर्च मारा. आत पाणी ढवळताना दिसलं पाहिजे. नुसतं उभं असेल तर पंप बदला. रेडीत इंजिन न सांगता सुरू होतं आणि रेडिएटरचा पंखाही, तेव्हा पदर कमरेला खोचून, ओढणी आणि जानवं आवरून मगच वाका. टोपण गरम असताना उघडू नका.

ब्रेक लावताना मोटर वीज तयार करून गाडी हळू करते. उतारावर मोठी बॅटरी भरली की तिला ते करता येत नाही. तेव्हा गिअर 'बी'वर टाका. इंजिन ओरडायला लागेल, ओरडू द्या.

ब्रेकचं मला जास्त भय वाटतं. रोजचं थांबणं मोटर करत असल्यामुळे पॅड आणि डिस्क कमी वापरल्या जातात, आणि आमच्याकडच्या खाऱ्या हवेत न वापरलेली डिस्क आठवड्यात तांबूस होते. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम होतात. पावसाळ्यापूर्वी आणि चवथीनंतर चाकं काढून पिना साफ करून घ्या, ग्रीस लावून घ्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, दोन वर्षांनी बदला. यात एक सापळा आहे. ड्रायव्हरचं दार उघडलं की ब्रेकचा विजेवरचा पंप आपोआप दाब भरतो, ती झिईऽ तुम्ही ऐकली असेल. पॅड काढलेले असताना कुणी दार उघडलं तर पिस्टन बाहेर येऊ शकतो, बोट मध्ये असेल तर ते चिरडू शकतं. पॅड बदलणाऱ्याला आधी बारा व्होल्टचं निगेटिव्ह सोडवायला सांगा. आणि ती झिईऽ दर दहा-पंधरा सेकंदांनी यायला लागली तर समजा, दाब आत टिकत नाही. लाल ब्रेकचा दिवा आणि सतत बझर म्हणजे गाडी कडेला. पेडल दगडासारखं होईल, बहुतेक गाड्यांत पायाच्या जोरावर पुढच्या चाकांना ब्रेक लागतो, पण दोन्ही पायांनी उभं राहिल्यासारखा दाबावा लागतो.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा पाण्यात गाडी उभी राहणं कधीतरी होणारच. पाणी सीटपर्यंत चढलं असेल तर ओसरल्यावरही बटण दाबू नका, वाळल्यावरही नाही. समुद्राचं किंवा खाडीचं पाणी असेल तर आणखी वाईट, मिठाचं पाणी वीज चांगली वाहतं. मागून बुडबुडे, फसफस किंवा तिखट वास आला तर दूर उभं राहून ११२ ला फोन. फुटलेल्या सेलमधून येतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, कातडी आणि डोळे जाळणारं.

ओढून नेताना फ्लॅटबेडच मागवा, चारही चाकं वर. पुढची चाकं जमिनीवर फिरवत ओढली की चाकं मोटरला फिरवतात, मोटर वीज तयार करते आणि गाडी बंद असूनही नारिंगी वायरींत व्होल्टेज येतं. क्रेनवाला घाईत असतो. त्याच्या समोर उभं राहून सांगा, नाहीतर तो दोर बांधून मोकळा होतो.

उंदरांबद्दल थोडक्यात. पावसात ते बॉनेटखाली येतात, नारिंगी जाड वायर सहसा सोडून सेन्सरच्या बारीक तारा कुरतडतात. डांबरगोळ्या टाकायच्या तर दर पंधरवड्याला नव्या टाका, त्या हवेत उडून जातात. आमच्याकडे मांजर आहे.

बंद वाटणारी गाडी

आवाज नाही म्हणजे गाडी बंद, अशी आपली जन्मभराची सवय. हायब्रिड रेडीत असते आणि एक शब्द बोलत नाही. तुम्ही भाजीची पिशवी घेऊन घरात जाता. अर्ध्या तासाने बॅटरी उतरते, इंजिन आपोआप सुरू होतं. गॅरेज बंद असेल आणि त्याचं दार स्वयंपाकघरात उघडत असेल तर कार्बन मोनॉक्साइड घरात. त्याला वास नाही. माझी बहीण फोंड्याला राहते, तिच्या गॅरेजचं दार नेमकं असंच आहे, म्हणून तिला मी गाडी उतारावर बाहेरच लावायला सांगितलं. उतरताना बटण दाबा, रेडीचा हिरवा दिवा गेलेला डोळ्यांनी बघा, मगच सीट सोडा. बॉनेटखाली वाकण्याआधी चावी घरातल्या पत्र्याच्या डब्यात, पर्समध्ये नाही. पर्स तुमच्या खांद्याला असते.

मेस्त (मेकॅनिक) कसा ओळखायचा

मोठ्या बॅटरीवर सर्व्हिस प्लग असतो, नारिंगी दांडीचा. तो काढला की बॅटरी मधोमध तुटते. पण इन्व्हर्टरमधले कपॅसिटर भरलेलेच राहतात. तेव्हा गॅरेजात गेल्यावर मी एकच प्रश्न विचारते: "प्लग काढल्यावर किती वेळ थांबतोस, बाबा?" "लगेच काम सुरू करतो, टीचर, कांय जायना" असं उत्तर आलं तर मी गाडी घेऊन घरी येते. निदान दहा मिनिटं म्हणणारा, काढलेला प्लग स्वतःच्या खिशात घालणारा, आणि टर्मिनलवर मीटर लावून शून्य बघितल्याशिवाय पाना न उचलणारा हवा.

आता मी जिथे जाते तो माझाच जुना विद्यार्थी आहे म्हणून जात नाही. पहिल्या दिवशी त्याने कपाटातून हजार व्होल्टचे रबरी हातमोजे काढले, मनगटाकडून गुंडाळत आत हवा कोंडली आणि कुठून फुस्स होतंय का ते कानाला लावून ऐकलं. डाव्या अंगठ्याला भोक निघालं. तो जोड त्याने कात्रीने कापून टाकला आणि म्हणाला, "टीचर, नवे येईपर्यंत गाडी इथेच राहू द्या. सोमवारी बघतो."

मी बसने घरी आले.